केंद्रीय दक्षता आयोगाचे दैनंदिन कार्य

भ्रष्टाचाराच्या प्रकरणांविषयी वृत्तपत्रांत जे छापून येते ते बहुधा प्रकरणाच्या आरंभाचे किंवा शेवटाचे असते. छापा पडला, अधिकारी निलंबित झाला, न्यायालयाने शिक्षा सुनावली, एवढे वाचकास कळते. या दोन टोकांच्या मध्ये कित्येक महिने, प्रसंगी कित्येक वर्षे जातात आणि त्या काळात प्रकरणाचे भवितव्य नस्तीवरील टिप्पण्यांतून ठरत असते. केंद्र शासनाच्या सेवेतील वरिष्ठ अधिकाऱ्यांच्या बाबतीत या टिप्पण्या ज्याच्यापुढे अखेरीस ठेवल्या जातात, तो म्हणजे केंद्रीय दक्षता आयोग. आयोग कोणास अटक करीत नाही, कोणावर खटला चालवीत नाही आणि कोणास बडतर्फही करीत नाही. सल्ला देणे हेच त्याचे मुख्य काम होय. केवळ सल्ला देणारी संस्था शासनाच्या सचोटीवर कितपत परिणाम घडवू शकते, हा प्रश्न आयोगाच्या संदर्भात नेहमीच उपस्थित केला जातो. त्याचे उत्तर आयोगाच्या नित्याच्या कामकाजात शोधणे इष्ट होय.

स्थापना व अधिकारक्षेत्र

शासकीय सेवकांच्या लाचलुचपतीचा तपास करणारी स्वतंत्र यंत्रणा प्रथम दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४१ मध्ये, निर्माण झाली. युद्धासाठी चाललेल्या प्रचंड खरेदीतील गैरव्यवहार हे तिचे निमित्त होते. स्वातंत्र्योत्तर काळात, १९५५ मध्ये, गृह मंत्रालयात प्रशासकीय दक्षता विभाग स्थापन झाला. तथापि या दोन्ही यंत्रणा शासनाच्याच अंगभूत होत्या. ज्याची चौकशी करावयाची आणि ज्याने ती करावयाची, ते दोघेही एकाच घरातले, असा हा प्रकार होता. लालबहादूर शास्त्री गृहमंत्री असताना १९६२ मध्ये के. संथानम यांच्या अध्यक्षतेखाली भ्रष्टाचार प्रतिबंधक समिती नेमण्यात आली. समितीने भ्रष्टाचाराची चार प्रमुख कारणे दाखविली. प्रशासनातील विलंब हे पहिले. नियंत्रणाच्या नावाखाली शासनाने पेलणार नाही इतके काम अंगावर घेणे हे दुसरे. अधिकाऱ्यांच्या हाती असलेला स्वेच्छाधिकाराचा मोठा वाव हे तिसरे. आणि नागरिकांस नित्य ज्यांची गरज लागते अशा बाबींतील किचकट कार्यपद्धती हे चौथे. या चारही कारणांत व्यक्तीच्या लोभाचा उल्लेख नाही, ही गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. समितीची दृष्टी माणसाच्या स्वभावापेक्षा कामाच्या पद्धतीकडे अधिक होती.

समितीच्या शिफारशीवरून ११ फेब्रुवारी १९६४ च्या ठरावाने आयोग अस्तित्वात आला. म्हैसूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायमूर्ती निट्टूर श्रीनिवास राव हे पहिले केंद्रीय दक्षता आयुक्त होत. आपल्या कार्यात आयोगास लोकसेवा आयोगाइतके स्वातंत्र्य असावे, असा ठरावाचा आशय होता. परंतु ठराव म्हणजे कायदा नव्हे. शासनाने केलेला ठराव शासनास बदलता येतो. ही उणीव दूर होण्यास जवळजवळ चाळीस वर्षे लागली. सर्वोच्च न्यायालयाने १८ डिसेंबर १९९७ रोजी विनीत नारायण प्रकरणात आयोगास वैधानिक दर्जा देण्याचा आदेश दिला आणि २००३ मध्ये संसदेने केंद्रीय दक्षता आयोग अधिनियम संमत केला. या अधिनियमानुसार आयोगात एक केंद्रीय दक्षता आयुक्त आणि जास्तीत जास्त दोन दक्षता आयुक्त असतात. पंतप्रधान, गृहमंत्री व लोकसभेतील विरोधी पक्षनेता यांच्या समितीच्या शिफारशीवरून राष्ट्रपती त्यांची नेमणूक करतात. मुदत चार वर्षांची किंवा वयाच्या पासष्टाव्या वर्षापर्यंतची, यांपैकी जी आधी संपेल ती.

आयोगाचे क्षेत्र केंद्र शासनापुरते मर्यादित आहे. शासनाचे ‘गट अ’चे अधिकारी, राष्ट्रीयीकृत बँकांतील पाचव्या श्रेणीचे व त्यावरील अधिकारी, सार्वजनिक उपक्रमांच्या संचालक मंडळावरील व त्याच्या लगतच्या पातळीवरील अधिकारी, तसेच विमा कंपन्यांतील विशिष्ट दर्जाचे अधिकारी त्यात येतात. महाराष्ट्रातील तलाठ्याविरुद्धची किंवा राज्य शासनाच्या अभियंत्याविरुद्धची तक्रार दिल्लीस पाठविल्याने काही साधत नाही. महाराष्ट्रात १९७१ च्या अधिनियमान्वये लोकायुक्त ही संस्था १९७२ पासून निराळी आहे. मात्र मुंबईतील रेल्वे, बंदर, बँका व विमा यांची केंद्रीय कार्यालये आयोगाच्या कक्षेत येतात.

तक्रारीची छाननी

आयोगाच्या कामाचा आरंभ टपालाने होतो. आलेल्या पत्रांत सेवाविषयक गाऱ्हाणी असतात, न्यायालयात हरलेल्या दाव्यांचे पुनर्वाद असतात, सहकाऱ्याच्या बढतीविषयीची असूया असते, आणि त्यांतच कोठे तरी खऱ्या लुटीची बातमीही असते. हे वेगळे करणे ही पहिली पायरी. तक्रारीतील अधिकारी आयोगाच्या कक्षेत येतो काय, आरोप तपासता येण्याइतका निश्चित आहे काय, आणि त्यात ज्यास ‘दक्षतेची बाजू’ म्हणतात ती आहे काय, हे तीन प्रश्न प्रत्येक पत्रास विचारले जातात. दखल घेण्याजोगे पत्र असल्यास ते खरोखर त्याच व्यक्तीने लिहिले आहे काय, हे तिला पत्र पाठवून विचारले जाते. पंधरा दिवसांत उत्तर न आल्यास स्मरणपत्र जाते; तरीही उत्तर न आल्यास ती तक्रार खोट्या नावाची समजून दप्तरी दाखल होते.

निनावी पत्रांचा प्रश्न सर्वांत अवघड ठरला आहे. बढतीची वेळ जवळ आली की संबंधित अधिकाऱ्याविरुद्ध निनावी पत्र टाकण्याची रीत कार्यालयांत सर्वश्रुत आहे. आयोगाने १९९९ मध्ये निनावी व खोट्या नावाच्या तक्रारींवर कोणतीही कार्यवाही करू नये, असे परिपत्रक काढले. परंतु निनावी पत्रातही कधी कधी व्यवहाराची तारीख, धनादेशाचा क्रमांक, जागेचा गट क्रमांक असा पडताळता येण्याजोगा तपशील असतो. म्हणून २००२ मध्ये, अशा तपशिलाच्या तक्रारींची आयोगाच्या संमतीने चौकशी करता येईल, असा अपवाद करण्यात आला. २०१४ मध्ये तो अपवादही मागे घेण्यात आला. या तीन परिपत्रकांत दोन न्याय्य भयांचा झगडा दिसतो. नाव न मागितल्यास निर्दोष मनुष्य खोट्या पत्राचा बळी होतो. नाव मागितल्यास खरे बोलणारा भीतीने गप्प बसतो.

दुसऱ्या भयास आधार नव्हता असे म्हणता येणार नाही. राष्ट्रीय महामार्गाच्या कामावर बिहारमध्ये असलेले अभियंता सत्येंद्र दुबे यांनी कामातील गैरप्रकारांविषयी पंतप्रधान कार्यालयास पत्र लिहून आपले नाव गुप्त ठेवण्याची विनंती केली होती. ते पत्र नावासह एका कार्यालयातून दुसऱ्या कार्यालयात फिरत राहिले. २७ नोव्हेंबर २००३ रोजी गया येथे दुबे यांची हत्या झाली. ती लुटीच्या प्रयत्नात झाली असा निष्कर्ष पुढे तपासातून निघाला. तथापि गुप्त ठेवावयाचे नाव शासनाच्या टेबलांवरून फुटले, हा दोष त्याने कमी होत नाही. यानंतर २१ एप्रिल २००४ च्या ठरावाने जनहितार्थ माहिती उघड करणाऱ्यांच्या तक्रारी स्वीकारण्याचे काम आयोगाकडे सोपविण्यात आले. त्याची पद्धत साधी आहे. तक्रार बंद लिफाफ्यात पाठवावयाची. ती कोणत्या प्रकारची आहे हे लिफाफ्यावर लिहावयाचे, पण स्वतःचे नाव लिहावयाचे नाही. नाव व पत्ता आतील पत्रातच असावा. चौकशीसाठी तक्रार पुढे धाडण्यापूर्वी लेखकाची ओळख पटेल असा मजकूर आयोगात काढून टाकला जातो. नाव द्यावयाचे, पण ते एकाच ठिकाणी थांबावयाचे, असा हा तोडगा आहे.

‘दक्षतेची बाजू’

छाननीत टिकलेली तक्रार चौकशीसाठी सामान्यतः त्या त्या खात्याच्या मुख्य दक्षता अधिकाऱ्याकडे जाते, किंवा गंभीर असल्यास केंद्रीय अन्वेषण विभागाकडे. प्रत्येक मंत्रालयात, बँकेत व उपक्रमात असा अधिकारी असतो. तो आयोगाचा डोळा असला तरी त्याचा पगार, मेज आणि शिपाई हे सारे त्या खात्याचेच असतात. या दुहेरी नात्यामुळे मोठ्या उपक्रमांत हा अधिकारी बाहेरून प्रतिनियुक्तीवर आणण्याची प्रथा आहे. तीन महिन्यांत चौकशी पुरी करून त्याने अहवाल सादर करावा, अशी अपेक्षा असते.

अहवालात खरा वाद असतो तो घटनेपेक्षा तिच्या अर्थाविषयी. एखाद्या बँकेच्या व्यवस्थापकाने कारखानदारास कर्ज दिले. तीन वर्षांनी कारखाना बंद पडला आणि कर्ज बुडाले, अशी कल्पना करावी. नुकसान झाले हे निर्विवाद. परंतु नुकसान हा गुन्ह्याचा पुरावा नव्हे. तारण ठेवलेल्या जमिनीचे मूल्यांकन कोणी केले, व्यवस्थापकाने स्वतः जागेवर जाऊन पाहणी केली काय, मंजुरीच्या मर्यादेबाहेर जाऊन रक्कम दिली काय, वरिष्ठांनी उपस्थित केलेल्या शंका त्याने दडविल्या काय, हे पाहावे लागते. आयोगाने यासाठी एक कसोटी घालून दिली आहे: सामान्य शहाणपणाचा मनुष्य, नियमांच्या चौकटीत राहून, त्या परिस्थितीत व संस्थेच्या हिताच्या दृष्टीने तोच निर्णय घेता काय? उत्तर होकारार्थी असेल तर ती व्यवहारातील जोखीम ठरते आणि प्रकरण तेथेच संपते. नकारार्थी असेल तर हेतूविषयी संशयास जागा राहते. ही कसोटी लावताना, आज ठाऊक असलेली गोष्ट त्या दिवशी ठाऊक होती असे गृहीत धरण्याचा मोह टाळावा लागतो. हा मोह टळला नाही तर त्याची किंमत पुढच्या कर्जदाराला मोजावी लागते. कारण धास्तावलेला व्यवस्थापक योग्य अर्जावरही सही करीत नाही आणि नस्ती वरच्या कार्यालयाकडे ‘मार्गदर्शनार्थ’ धाडून मोकळा होतो. संथानम समितीने दाखविलेले पहिले कारण, म्हणजे विलंब, अशा रीतीने मागच्या दाराने परत येते.

बांधकामे व खरेदी यांच्या बाबतीत आयोगाजवळ स्वतःची तांत्रिक यंत्रणा आहे. मुख्य तांत्रिक परीक्षकाची ही संघटना १९५७ मध्ये बांधकाम मंत्रालयात निर्माण झाली आणि १९६४ मध्ये आयोगाकडे आली. परीक्षक अंदाजपत्रक, निविदांचा तौलनिक तक्ता, मोजमाप पुस्तिका व देयके एकापुढे एक ठेवून पाहतात आणि नंतर प्रत्यक्ष कामावर जातात. कागदावर लिहिलेली जाडी आणि भिंतीत सापडलेली जाडी यांतील फरक पुष्कळदा तक्रारदाराहून अधिक बोलका असतो. अशा तपासणीतून ठेकेदारास दिलेल्या जादा रकमेची वसुली होते, आणि जेथे फरक वारंवार आढळतो तेथे नियमच बदलण्याची सूचना केली जाते.

सल्ल्याचे दोन टप्पे

चौकशी अहवालावर आयोग जो सल्ला देतो त्यास पहिल्या टप्प्याचा सल्ला म्हणतात. मोठ्या शिक्षेसाठी विभागीय चौकशी सुरू करावी, किरकोळ शिक्षेची कार्यवाही करावी, प्रशासकीय ताकीद द्यावी, किंवा प्रकरण बंद करावे, यांपैकी एक मार्ग त्यात सुचविलेला असतो. मोठ्या शिक्षेचा मार्ग ठरल्यास १९६५ च्या केंद्रीय नागरी सेवा नियमांप्रमाणे दोषारोपपत्र दिले जाते. अधिकाऱ्यास लेखी बचाव, कागदपत्रांची पाहणी, साक्षीदारांची उलटतपासणी यांची संधी मिळते. खात्यातीलच एखादा अधिकारी किंवा आयोगाकडील विभागीय चौकशी आयुक्त ही चौकशी करतो. चौकशीचा निष्कर्ष आल्यावर शिक्षेविषयी आयोगाचे मत घेतले जाते. तो दुसरा टप्पा. खात्याचा प्रस्तावित निर्णय पहिल्या सल्ल्याशी जुळत असेल तर अनेक प्रकरणांत आता हा दुसरा फेरा घालावा लागत नाही.

शेवटचा आदेश मात्र शिस्तभंग प्राधिकाऱ्याचा असतो. या मुद्द्यावर सर्वोच्च न्यायालयाने १९९१ व १९९२ मध्ये दिलेले दोन निर्णय महत्त्वाचे आहेत. दोन्ही बँक अधिकाऱ्यांच्या प्रकरणांतील होत. पहिल्यात न्यायालयाने म्हटले की, आयोगाचा सल्ला बंधनकारक मानून स्वतःची बुद्धी न वापरता दिलेली शिक्षा टिकणार नाही. शिक्षा ठरविण्याचा अधिकार ज्याचा, विचारही त्यानेच केला पाहिजे. दुसऱ्यात असे ठरले की, अधिकाऱ्यास न दाखविलेल्या आयोगाच्या शिफारशीचा त्याच्याविरुद्ध उपयोग करणे न्याय्य नव्हे. ज्या कागदाच्या आधारे मनुष्य दोषी ठरतो तो कागद त्याला पाहावयास मिळाला पाहिजे. पहिल्या निर्णयाने आयोगाची सत्ता मर्यादित झाली आणि दुसऱ्याने त्याच्या कामावरील पडदा दूर झाला.

सल्ला बंधनकारक नाही, तर मग त्यात बळ कोणते? याचे उत्तर २००३ च्या अधिनियमात आहे. शासनास आयोगाचा सल्ला मान्य नसेल तर त्याने आपली कारणे लेखी नमूद करून आयोगास कळविली पाहिजेत. आयोगाने आपला वार्षिक अहवाल राष्ट्रपतींना सादर करावयाचा असतो आणि तो संसदेच्या दोन्ही सभागृहांपुढे ठेवला जातो. सल्ला कोणत्या खात्याने डावलला, याचा निर्देश त्या अहवालात येतो. सहकाऱ्यास तोंडी सांभाळून घेणे सोपे असते. त्याला का सोडले हे कागदावर लिहून खाली सही करणे तितके सोपे नसते. आयोगाचे बळ त्या सहीत आहे.

कालापव्यय

या पद्धतीची सर्वांत मोठी व्यथा म्हणजे वेळ. चौकशी, स्पष्टीकरण, पहिला सल्ला, दोषारोप, साक्षी, निष्कर्ष आणि शिक्षा या मार्गावर नस्ती प्रत्येक टेबलाशी थोडी थोडी थांबते. दरम्यान ज्याच्यावर दोषारोप आहे त्याची बढती थांबते. विभागीय पदोन्नती समिती त्याच्याविषयीचे आपले मत मोहोरबंद लिफाफ्यात ठेवते आणि प्रकरण संपेपर्यंत तो उघडला जात नाही. निर्दोष सुटल्यास लिफाफ्यातील शिफारशीप्रमाणे त्याला मागील तारखेपासून पद मिळू शकते; पण त्याच्यामागून सेवेत आलेल्यांच्या हाताखाली काढलेली वर्षे कोणताही आदेश परत देऊ शकत नाही. निलंबित अधिकाऱ्याची स्थिती याहून बिकट असते. त्याला निर्वाह भत्ता मिळतो, काम मिळत नाही, आणि शेजारीपाजारी त्याचा निकाल आधीच लावून मोकळे झालेले असतात.

उलट, दोषी मनुष्यास हाच विलंब उपकारक होतो. साक्षीदार निवृत्त होतात, कागद गहाळ होतात. शिवाय निवृत्तिवेतनाच्या नियमांप्रमाणे, अधिकारी निवृत्त झाल्यावर चार वर्षांहून जुन्या घटनेसाठी त्याच्याविरुद्ध नवी विभागीय कार्यवाही सुरू करता येत नाही. म्हणजे नस्ती पुरेसा काळ कपाटात राहिली तर ती आपोआप निकालात निघते. एकच विलंब निर्दोष मनुष्यास शिक्षा आणि दोषी मनुष्यास माफी देतो. न्यायालयांनी व शासनाने या बाबतीत मुदती घातल्या आहेत. दोषारोपपत्र न देता निलंबन तीन महिन्यांपलीकडे लांबवू नये, असे सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी २०१५ मध्ये सांगितले. विभागीय कार्यवाही शक्यतो सहा महिन्यांत आणि फार तर एका वर्षात संपवावी, असे त्याच न्यायालयाने त्याच वर्षीच्या डिसेंबरात म्हटले. २०१७ मध्ये सेवा नियमांतही चौकशीसाठी सहा महिन्यांची मुदत घालण्यात आली. मुदतवाढीची तरतूद मात्र नियमातच असते. त्यामुळे खरा उपाय मुदतीपेक्षा, नस्ती कोणाच्या टेबलावर किती दिवस आहे हे विचारणाऱ्या माणसाच्या चिकाटीवर अवलंबून राहतो. आयोगाच्या नित्याच्या पत्रव्यवहारात अशी स्मरणपत्रे असतात, आणि ती निरस वाटली तरी त्यांतील प्रत्येकामागे एका मनुष्याचा निकाल अडकलेला असतो.

आयोगाने इतरांना लावलेली कसोटी एकदा त्याच्याच प्रमुखाच्या नेमणुकीस लागली. २०१० मध्ये केंद्रीय दक्षता आयुक्तपदी झालेली नेमणूक सर्वोच्च न्यायालयाने ३ मार्च २०११ रोजी रद्द ठरविली. निवड समितीतील विरोधी पक्षनेत्याचा त्या नेमणुकीस विरोध होता. त्या अधिकाऱ्याविरुद्ध एक फौजदारी प्रकरण प्रलंबित होते आणि त्याच्यावर विभागीय कार्यवाही करावी अशा कार्मिक विभागाच्या जुन्या टिप्पण्या होत्या. हे महत्त्वाचे कागद समितीने विचारात घेतलेच नव्हते. न्यायालयाने व्यक्तीच्या सचोटीचा निवाडा केला नाही. प्रश्न संस्थेच्या सचोटीचा आहे, असे त्याने सांगितले. नस्तीतील कागद योग्य वेळी योग्य माणसापुढे ठेवले गेले काय आणि त्याने ते वाचून निर्णय दिला काय, हाच प्रश्न आयोग वर्षानुवर्षे बँकांना, खात्यांना व उपक्रमांना विचारीत आला आहे. त्याच्या साऱ्या दैनंदिन कार्याचा आशय त्या एका प्रश्नात सामावलेला आहे, आणि शासनाने तो स्वतःच्या दारातही विचारावा लागतो, हे २०११ च्या निर्णयाने स्पष्ट केले.